वाक्यात उपयोग करा



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचे, तर विषय वर्गातलाच असावा असे मला वाटले. म्हणून मी आज एका स्वाध्यायावर बोलणार आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने तो सोडवलेला आहे. धडा संपतो, खाली शब्दार्थ येतात, मग रिकाम्या जागा, मग जोड्या लावा आणि मग ती एक ओळ येते: ‘खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.’ दोन-तीन गुणांचा प्रश्न. मुले तो घाईने उरकतात, तपासणाऱ्याचीही नजर त्यावरून घाईने फिरते. मला आज असे म्हणायचे आहे, की भाषाशिक्षणातला सर्वांत खोल प्रश्न हाच आहे. अनोळखी शब्द आपला कधी होतो? त्याचा अर्थ सांगता आला म्हणजे होतो का? त्याचे स्पेलिंग पाठ झाले म्हणजे होतो का? माझे उत्तर असे, की शब्द आपला होतो तो वाक्यात. जिथे तोच हवा अशा वाक्यात त्याला बसवता आले आणि जिथे तो नको तिथून काढता आला, म्हणजे तो आपला झाला. त्याआधी तो आपल्या घरी पाहुणा असतो.

हा प्रश्न आज मी इंग्रजीच्या संदर्भात घेतो आहे, त्याला कारण आहे. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्या पद्धतीत उणिवा असतील, पण तिच्यात वाक्य होते. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. इंग्रजी घ्यायचे, त्याचे मराठी करायचे. आज स्पर्धापरीक्षांच्या तयारीत वाक्य मागे पडले आणि यादी पुढे आली. दोन हजार शब्द, पाच हजार शब्द, प्रत्येकासमोर एक अर्थ, एक समानार्थी, एक विरुद्धार्थी. मुले त्या याद्या निष्ठेने पाठ करतात. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पाठ केलेला शब्द बोलताना ओठांवर येत नाही आणि आलाच तर चुकीच्या जागी येतो, ही तक्रार विद्यार्थी करतात, शिक्षक करतात, नोकरीवर घेणारेही करतात. दोष कष्टांत नाही, रीतीत आहे. आणि रीत तपासायची तर शंभर शब्दांवरून नजर फिरवण्यापेक्षा एकच शब्द हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहावा. मी असा एक शब्द निवडला आहे. शब्द आहे पेट्रिकोर.

शब्द अनोळखी वाटेल, वस्तू मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. उन्हाने तापलेल्या, महिनोन्महिने कोरड्या राहिलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, तो पेट्रिकोर. हा शब्द लोकांच्या तोंडून आपोआप घडलेला नाही. त्याचे जन्मसाल सांगता येते. 1964 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचा निबंध आला. कोरड्या दगडांतून आणि मातीतून वाफेच्या साहाय्याने त्यांनी एक पिवळसर तेल वेगळे काढले होते. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून बाहेर पडणारी तैलद्रव्ये दगडमाती शोषून घेते आणि ओल आली की ती मोकळी होतात, असा उलगडा त्यांनी केला आणि त्या तेलाला हे नाव दिले. उत्तर प्रदेशात कनौजला मातीचे अत्तर काढतात, त्या उद्योगाचीही त्यांना माहिती होती. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यात उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून खालच्या भांड्यात नेतात, तिथे चंदनाचे तेल ठेवलेले असते आणि त्या तेलात पहिल्या पावसाचा वास उतरतो. म्हणजे मेलबर्नच्या प्रयोगशाळेत जे केले गेले, ते कनौजच्या भट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. तिथे त्या वासाची कुपी होती. इंग्रजीत तोवर त्याला एका शब्दाचे नाव नव्हते.

आता शब्द उलगडून पाहू. तो दोन ग्रीक शब्दांचा जोड आहे. पहिला पेट्रा, म्हणजे खडक. हा अर्धा शब्द आपण रोज वापरतो, कारण पेट्रोलियम म्हणजे खडकातले तेल आणि पेट्रोल त्याच घराण्यातले. दुसरा इकोर. ग्रीक पुराणकथांत देवांच्या नसांतून माणसासारखे रक्त वाहत नाही, एक वेगळाच रस वाहतो, तो इकोर. ट्रॉयच्या युद्धात माणसाच्या हातून अॅफ्रोडाइटी देवी जखमी होते, तेव्हा तिच्या जखमेतून हाच रस वाहिल्याचे होमरने वर्णिले आहे. म्हणजे पेट्रिकोर हा खडकाच्या नसांतला दिव्य रस. आपल्याकडे शिलाजतु हा शब्द पाहा. शिलेतून पाझरणारा चिकट रस, तोच आपला शिलाजीत. वस्तू वेगळी, पण खडकाला रस फुटतो ही कल्पना दोन्ही शब्दांत आहे. कूळ कळले की आणखीही एक गोष्ट सुटते. स्पेलिंगमध्ये ‘सी-एच’ असूनही उच्चार ‘क’ का? ग्रीकमधून आलेल्या शब्दांत तो तसा होतो. केमिस्ट्रीत होतो, स्कूलमध्ये होतो. जे वेगळे पाठ करावे लागले असते, ते कुळामुळे आपोआप लक्षात राहते. आपल्या मुंगसाचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत मुंगसाला मंगूस म्हणतात आणि तो शब्द मराठीतून तिकडे गेला. त्या भाषेत हंसाच्या जातीतल्या गूस पक्ष्याचे अनेकवचन गीस होते. म्हणून मंगूसचे मंगीस करण्याचा मोह होतो. ज्याला कूळ ठाऊक आहे तो मंगूसेस म्हणतो आणि बरोबर म्हणतो.

पण थांबा. कूळ कळले, अर्थ कळला, उच्चार कळला. शब्द आला का? इथे मी आपल्याच परंपरेची साक्ष काढतो. शब्दाचा अर्थ माणसाला कशाकशाने कळतो, याची यादी आपल्या नैयायिकांनी आणि वैयाकरणांनी करून ठेवली आहे. ती आठ साधने अशी: व्याकरण, उपमान, कोश, जाणत्याचे वचन, व्यवहार, पुढच्या-मागच्या वाक्याचा संदर्भ, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. आठांपैकी कोश किती? एक. आपण मात्र शाळेत त्या एकावरच सारा भार टाकला आणि उरलेली सात साधने सोडून दिली. यातले शेवटचे साधन किती साधे आहे पाहा. आंब्याच्या झाडावर पिक गोड गातो आहे, असे कोणी म्हटले आणि ऐकणाऱ्याला पिक हा शब्द माहीत नसला, तरी आंबा, झाड, गोड, गाणे या ओळखीच्या शब्दांच्या शेजारामुळे पिक म्हणजे कोकिळ हे त्याला कळते. कोणी अर्थ सांगितला नाही, शेजाऱ्यांनी सांगितला.

मूल भाषा कसे शिकते, याबद्दल मीमांसकांनी दिलेले उदाहरण तर मला शिक्षणशास्त्राचा पहिला धडा वाटते. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण.’ दुसरा उठतो आणि गाय घेऊन येतो. शेजारी उभे असलेले मूल पाहत असते. त्याला गाय शब्द कळलेला नाही, आण शब्दही कळलेला नाही; त्याला एक अख्खे वाक्य आणि एक अख्खी कृती मिळाली आहे. मग तोच माणूस म्हणतो, ‘गाय बांध.’ मग म्हणतो, ‘घोडा आण.’ एक शब्द काढला, दुसरा घातला आणि समोरची कृती बदलली. या काढण्या-घालण्याला आपल्या शास्त्रात आवाप-उद्वाप असे नाव आहे. त्यातून मुलाच्या मनात गाय वेगळी होते, घोडा वेगळा होतो, आणणे वेगळे होते. वाक्य आधी, शब्द नंतर. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त हाच विचार टोकाला नेला: अर्थाचा खरा घटक वाक्य आहे, शब्द हे आपण समजुतीसाठी पाडलेले त्याचे तुकडे आहेत. हे मत सगळ्यांना मान्य नव्हते, त्यावर शतकानुशतके वाद झाले. पण शब्दाला वाक्यापासून तोडून शिकवावे असे त्या वादातल्या कोणत्याही पक्षाने म्हटलेले नाही. व्यवहार, म्हणजे जाणत्यांचे बोलणे-चालणे, याला सगळ्यांनीच मानाचे स्थान दिले.

हे आपल्या मायबोलीत तपासून पाहू, म्हणजे मुद्दा हाताला लागेल. विषय वासाचा आहे, तर वासच घेऊ. परदेशातून आलेला एखादा मराठीचा विद्यार्थी कोशात पाहतो आणि त्याला दिसते की वास, गंध, दर्प, परिमळ, घमघमाट या सगळ्यांचा अर्थ एकच. आता तो वाक्य करायला बसला, तर काय करील? आपण मात्र चुकत नाही. फोडणीचा वास सुटतो. घामाचा वास मारतो. मोगऱ्याचा सुगंध दरवळतो. केवड्याचा घमघमाट येतो. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, जुन्या तेलाला खवट वास येतो, औषधाचा दर्प नाकात जातो. परिमळ हा शब्द ओवी-अभंगांत शोभतो, गटारापाशी तो कोणी उच्चारणार नाही. मोगरा मारत नाही आणि घाम दरवळत नाही. हे आपल्याला कोणत्या कोशाने शिकवले? कोणत्याही नाही. स्वयंपाकघराने, अंगणाने, देवघराने, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांनी शिकवले. म्हणजे हजारो वाक्यांनी शिकवले. इंग्रजी शिकणाऱ्याला असे घर-अंगण मिळत नाही. म्हणून त्याला ती वाक्ये वाचनातून मिळवावी लागतात आणि लेखनातून घडवावी लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही.

आता कोशांकडेच वळू, कारण कोशांचा इतिहास माझ्याच बाजूने बोलतो. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने आपला इंग्रजी कोश छापला, तेव्हा शब्दांखाली मोठमोठ्या लेखकांची वाक्ये दिली. ऑक्सफर्डच्या महाकोशाची पहिली आवृत्ती 1928 साली पूर्ण झाली. तिच्यात शब्द 4,14,825 आणि अवतरणे 18,27,306. म्हणजे एका शब्दामागे सरासरी चाराहून अधिक वाक्ये. शेकडो स्वयंसेवक पुस्तके वाचत, वाक्ये उतरवून काढत आणि त्या चिठ्ठ्या टपालाने पाठवत. त्या चिठ्ठ्यांवर जेम्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कोश उभा केला. आपल्याकडे मोल्सवर्थने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. हा शब्द कवितेतला, हा कोकणातला, अशा खुणा त्याने जागोजागी केल्या. कारण शब्द कुठे चालतो हे सांगितल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही, हे त्या परक्या माणसाला उमजले होते. पुढे जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबीने 1942 साली खास परभाषक विद्यार्थ्यांसाठी कोश केला. क्रियापद कोणत्या साच्याच्या वाक्यात बसते, हे त्यात दाखवले होते. तोच कोश आज ऑक्सफर्डच्या नावाने आपल्या मुलांच्या दप्तरात आहे. आणि 1987 साली बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली जो कोबिल्ड कोश निघाला, त्यात अर्थच संपूर्ण वाक्यात सांगितलेले आहेत. तात्पर्य, कोशकारांना जे कळले ते यादी करणाऱ्यांना कळलेले नाही. कोशातला अर्थ हा वाक्यांचा काढा आहे. नुसता काढा पाजून झाडाची ओळख होत नाही.

तर मग पेट्रिकोर वाक्यात घालून पाहू. विद्यार्थी लिहितो: ‘आय लाइक पेट्रिकोर व्हेरी मच.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. पण शब्द आला आहे का? कसोटी सोपी आहे. पेट्रिकोर काढा, तिथे चॉकलेट घाला, क्रिकेट घाला. वाक्य तसेच उभे राहते. म्हणजे या वाक्याने पेट्रिकोरबद्दल काहीच सांगितले नाही. जिथे कोणताही शब्द चालतो, तिथे कोणताच शब्द शिकला जात नाही. आता दुसरे वाक्य: ‘आफ्टर मंथ्स ऑफ ड्राय हीट द फर्स्ट शॉवर फेल, अँड पेट्रिकोर रोज फ्रॉम द फील्ड्स.’ इथे चॉकलेट घालून पाहा. वाक्य कोसळते. कोरडा उन्हाळा आहे, पहिली सर आहे, शेत आहे. म्हणजे सान्निध्याने अर्थ उभा केला आहे. शब्दाच्या आधी ‘अ’ नाही, शेवटी ‘एस’ नाही, कारण हे नाम मोजता येत नाही. आणि क्रियापद ‘रोज’, म्हणजे वर उठला. हे क्रियापद केवळ शोभेचे नाही. 2015 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत वेगवान कॅमेऱ्यांनी असे टिपले, की सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याच्या बुडाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि सोडावॉटरच्या बुडबुड्यांसारखे वर फुटून तुषार उडवतात. तेच तुषार वास घेऊन हवेत चढतात. हलक्या आणि मध्यम पावसात ते जास्त उडतात, धो धो पावसात कमी. म्हणजे वस्तू नीट कळली की क्रियापद नेमके सापडते.

आता तिसरे वाक्य, मुद्दाम चुकीचे. ऑगस्ट महिना आहे, कोकणात चार दिवस झोड उठली आहे, अंगणात घोटाभर पाणी आहे आणि विद्यार्थी लिहितो की सगळीकडे पेट्रिकोर पसरला होता. का चुकले? कारण कोरडेपणा नाही. जमीन आधीच भिजून चिंब झालेली आहे. नव्याने सुटायला त्या वासाला तापलेली माती हवी. हे चुकीचे वाक्य का चुकीचे आहे हे ज्याला सांगता आले, त्याला शब्दाची हद्द कळली. शेताची हद्द कळल्याशिवाय सातबारा आपल्या नावावर असून उपयोग नाही, तसेच हे आहे. आणखी एक बारकावा. मूळ निबंधात पेट्रिकोर हे तेलाचे नाव होते. लोकव्यवहारात ते वासाचे नाव झाले. म्हणून ‘पेट्रिकोरचा वास’ असे म्हणणे मुळाला धरून होते. आजच्या अर्थाने ती पिवळ्या पीतांबरासारखी द्विरुक्ती होते. शब्द साठ वर्षांत सरकला. कोणी सरकवला? वापरणाऱ्यांनी. कोणता अर्थ धरायचा? याचेही उत्तर मीमांसकांनी देऊन ठेवले आहे. ज्या पिक शब्दाचा मघाशी उल्लेख केला, तो त्यांच्या मते आर्यांच्या बोलण्यातला नव्हताच, म्लेंच्छांच्या बोलण्यातला होता. मग त्याचा अर्थ व्याकरणाने ओढूनताणून काढायचा, की म्लेंच्छ ज्या अर्थाने तो वापरतात तो घ्यायचा? मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांनी निर्णय दिला, की जे वापरतात त्यांचा अर्थ घ्या. वेदार्थाच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले शास्त्र परक्या शब्दापुढे इतके नम्र होते. आपण इंग्रजी शब्द शिकताना तीच नम्रता ठेवली पाहिजे. व्युत्पत्ती आठवणीला मदत करते, निवाडा व्यवहार करतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की असले अनवट शब्द म्हणजे दिखाऊपणा. साधा शब्द असताना अवघड का वापरावा? या आक्षेपामागे मोठी नावे आहेत. जॉर्ज ऑर्वेलने 1946 सालच्या आपल्या निबंधात छोट्या शब्दाने भागत असेल तर मोठा वापरू नये असा नियमच घालून दिला. मला तो नियम मान्य आहे. पण नियमातली अट नीट वाचा: भागत असेल तर. ‘कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणारा वास’ हे सात शब्द जिथे एका शब्दात मावतात आणि वाचणाऱ्याला तो शब्द कळतो, तिथे तोच साधा. जिथे वाचणारा अडखळेल, तिथे सात शब्द लिहावेत. शब्द येणे आणि शब्द मिरवणे या दोन गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक वाक्यच शिकवते. ज्याने शब्द यादीतून उचलला तो मिरवतो, कारण त्याची जागा त्याला ठाऊक नसते. ज्याने तो वाक्यांतून मिळवला, त्याला तो कुठे वापरू नये हेही कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमच्या मुलांना रोजचे साधे इंग्रजी येत नाही, तिथे पेट्रिकोर कशाला? आधी नित्याचे शब्द पक्के करा. हे बरोबरच आहे. ढाक्याला अध्यापन केलेल्या मायकल वेस्टने 1953 साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, ती याच विचाराने. पाया आधी, कळस नंतर, यात वाद नाही. परंतु त्या दोन हजार शब्दांतही अडचण कोणती येते? अर्थाची नव्हे, वापराची येते. ‘मेक’ आणि ‘डू’ दोन्हींचा अर्थ ‘करणे’ हे पाचवीच्या मुलाला ठाऊक असते. कोणते काम कोणाबरोबर जाते, तिथे पदवीधर अडखळतो. म्हणजे रीत तीच लागते. अनवट शब्दाचा फायदा असा, की तो नवखा असल्यामुळे मूल थबकते, पाहते, विचारते. ओळखीच्या शब्दापुढे आपण थबकत नाही. एका अनवट शब्दावर लागलेली ही सवय मग साध्या शब्दांनाही लागू पडते.

तिसरा आक्षेप काळजातला आहे आणि मी तो काळजानेच ऐकतो. आपल्याकडे मृद्गंध असताना परक्या पेट्रिकोरची हौस कशाला? खरेच आहे, हा वास आपल्याला इंग्रजीने शिकवलेला नाही. वैशेषिकांनी पृथ्वी ओळखायची खूण म्हणून गंधच सांगितला. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा सुवास येतो आणि उन्हाळा सरताना पहिल्या थेंबांनी भिजलेले डबके हुंगणाऱ्या हत्तीची उपमा कालिदास तिच्या पतीला, दिलीप राजाला देतो. आणि विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा काव्यसंग्रह निघाला 1954 साली. इंग्रजीला तो शब्द मिळाला 1964 साली. दहा वर्षे आधी तो मराठीत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता! तेव्हा पेट्रिकोर शिकताना कोणी न्यूनगंड बाळगू नये. पण मला असेही म्हणायचे आहे, की पेट्रिकोर नीट शिकला तर मृद्गंध अधिक कळतो. आपला शब्द मातीचे नाव घेतो, त्यांचा खडकाचे. आपला मुळापासून वासाचा आहे, त्यांचा रसाचा होता आणि वासाचा झाला. ‘त्यांच्या कथांना मृद्गंध आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा माणसाचे मातीशी असलेले नाते सांगतो. या वाक्यात पेट्रिकोर घालून पाहा, बसत नाही. त्या शब्दाला ते नाते अजून लाभलेले नाही. शब्दांची अदलाबदल जिथे होत नाही, तिथे दोन्ही भाषांचे अंतरंग दिसते. परकी भाषा मन लावून शिकणारा आपली भाषा गमावत नाही. जो अर्धवट शिकतो तो दोन्ही गमावतो.

चौथा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता फोनमध्ये अर्थ मिळतो, उच्चार मिळतो, आणि यंत्र हवी तेवढी वाक्येही करून देते. मग मुलाने वाक्य का करावे? याचे उत्तर त्या गाय आणणाऱ्या गोष्टीतच आहे. मूल पाहत होते, तोलत होते, एक शब्द काढून दुसरा घालून बघत होते. शिकणे त्या तोलण्यात होते. तयार वाक्य वाचायला अवश्य घ्यावे, ते वाचन आहे आणि वाचन हवेच. पण स्वतःचे वाक्य करताना मन ज्या निवडी करते, त्या दुसऱ्याने करून चालत नाहीत. पोहण्याचे चित्र कितीही पाहिले तरी पाण्यात उतरावेच लागते.

समारोप करतो. मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, शब्दाचे कूळ आणि त्यामागची वस्तू जाणून घ्या, कारण त्याने शब्द लक्षात राहतो. दुसरी, कोश हे आठांतले एक साधन आहे. बाकीची सात वाक्यांत आणि व्यवहारात राहतात. तिसरी, शब्दाची परीक्षा अर्थ विचारून घेऊ नका, वाक्य मागून घ्या. आणि वाक्य एक मागू नका, तीन मागा. एक असे की जिथे शब्द नेमका बसतो. एक असे की जिथे दुसरा शब्द घातला तर वाक्य कोसळते. आणि एक असे की जिथे तो बसत नाही, आणि का बसत नाही हे मुलाने स्वतः सांगायचे. शिवाय त्याच अनुभवाचे एक मराठी वाक्य. आठवड्याला एकच अनवट शब्द घेतला, तरी दहा महिन्यांच्या शालेय वर्षात चाळीसच्या घरात शब्द होतात. चाळीस हा आकडा दोन हजारांच्या यादीपुढे लहान दिसेल. पण हे चाळीस शब्द मुलांच्या तोंडी राहतील आणि शब्दाकडे कसे पाहावे ही दृष्टी त्यांच्याबरोबर जन्मभर राहील.

सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत. आपल्याला माझी विनंती एवढीच आहे. मुलांच्या वहीत नव्या शब्दाचा अर्थ एका ओळीत मावतो. त्याच्याखाली चार ओळी कोऱ्या सोडायला त्यांना सांगा. त्या ओळी त्यांनी स्वतःच्या वाक्यांनी भराव्यात आणि आपण त्या घाई न करता वाचाव्यात.